४८ तासांचे पाय

फ्लॅश थॉम्प्सनने स्पायडरमॅनचा पोशाख पहिल्यांदा अंगावर चढवला तो १९६३ साली, आणि तोही टवाळकीसाठी. वर्गातल्या पीटर पार्करची घाबरगुंडी उडवावी म्हणून हा शाळेतला दांडगट मुलगा नकली पोशाख घालून दबा धरून बसला, आणि डॉक्टर डूमने त्यालाच खरा स्पायडरमॅन समजून उचलून नेलं. 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या पाचव्या अंकातली ही गोष्ट. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी ती गंमत म्हणून रचली असणार. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०११मध्ये, याच फ्लॅशच्या अंगावर स्पायडरमॅनने टाकून दिलेला दुसरा, काळा पोशाख चढला. तेव्हा त्याला दोन्ही पाय नव्हते.

कॉमिक्सला साहित्य म्हणावं का, या वादात मला पडायचं नाही. मला एवढंच सांगायचं आहे की एका दुय्यम पात्राचा इतका लांबचा, इतक्या हातांनी लिहिलेला आणि तरीही बऱ्यापैकी प्रामाणिक राहिलेला प्रवास मी दुसरीकडे फारसा वाचलेला नाही.

फ्लॅश अगदी पहिल्या गोष्टीपासून आहे. ऑगस्ट १९६२च्या 'अमेझिंग फँटसी'च्या पंधराव्या अंकात बेनकाका मरायच्या आधी तो पानावर येतो आणि पीटरला हिणवतो. पुढे लीने त्याच्यात एक साधा विनोद घातला: पीटरला छळणारा हा मुलगा स्पायडरमॅनचा सगळ्यात मोठा भक्त असतो. त्याच्या नावाने मंडळ काढतो, त्याच्याविरुद्ध कोणी बोललं तर अंगावर धावून जातो. ज्याच्या पायाशी बसायचं त्यालाच तो रोज शाळेच्या वऱ्हांड्यात धक्के मारतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. हा विनोद अर्धं शतक चालला, कारण त्यात विनोदापेक्षा जास्त काही होतं. फ्लॅशला चांगलं काय ते कळत होतं. ते शेजारच्या बाकावर बसलेलं असू शकतं, एवढंच कळत नव्हतं.

१९६७मध्ये तो सैन्यात गेला. ते व्हिएतनामचे दिवस. २००८मध्ये मार्क गुगेनहाइम यांनी लिहिलेल्या आणि बॅरी किटसन यांनी चितारलेल्या ५७४व्या अंकात तो इराकमध्ये लढतो आणि तिथे पाय गमावतो. दोन्ही युद्धं एकाच माणसाने, तेही तिशीच्या आत! कॉमिक्समधला काळ रबरासारखा ताणतो, त्याचा हिशेब मागायचा नसतो. पण एक बदल लक्षात घेण्यासारखा आहे. साठच्या दशकात सैन्य ही फ्लॅशला कथेतून काही काळ बाजूला ठेवायची सोय होती, २००८मध्ये तीच त्याची कथा झाली. जखमी असताना तो मागे हटत नाही, कारण त्याच्या मनात एकच प्रश्न असतो: स्पायडरमॅन इथे असता तर त्याने काय केलं असतं? पीटर हे ऐकतो तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याचा विचार करून मी तो अंक दोनदा मिटवून ठेवला होता.

आता त्या काळ्या पोशाखाकडे येऊ. इंग्रजीत या परग्रहावरच्या जिवाला सिंबायोट म्हणतात. मराठी जीवशास्त्राच्या पुस्तकात त्यासाठी सहजीवन हा शब्द आहे. गोडा मसाल्यात पडणारं दगडफूल हे बुरशी आणि शैवाल यांचं सहजीवन. पण मराठीत हा शब्द प्रयोगशाळेबाहेरही फिरतो. पन्नास वर्षांच्या संसारालाही आपण सहजीवनच म्हणतो. आणि एकानेच दुसऱ्याला शोषायचं असेल तर आंब्यावरचं बांडगूळ आहेच. हे शब्द हाताशी ठेवून वाचलं की व्हेनमच्या गोष्टी वेगवेगळ्या दिसू लागतात. १९८४मध्ये पीटरने तो पोशाख घेतला तेव्हा त्याला ते कापड वाटलं. ते जिवंत आहे हे कळल्यावर तो हादरला आणि त्याने ते झटकून टाकलं. १९८८मध्ये, तीनशेव्या अंकात, ते एडी ब्रॉकला भेटलं. पीटरने दुखावलेला माणूस आणि पीटरने टाकलेला जीव. एडी स्वतःबद्दल 'आम्ही' असं बोलतो. तो संसारच आहे, मग तो कितीही विषारी असो.

फ्लॅशच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. त्याला तो जीव अमेरिकी सरकार देतं, शस्त्रागारातून बंदूक द्यावी तसा. मोहिमेवर जाताना चढवायचा, परत आल्यावर जमा करायचा. ४८ तासांपेक्षा जास्त अंगावर राहिला तर तो कायमचा चिकटेल, म्हणून वेळेचं बंधन. ताबा सुटला तर वरून स्फोट घडवून त्याला संपवायची सोयही करून ठेवलेली. हे सहजीवन नव्हे, नोकरी आहे, आणि नोकरी देणाऱ्याचा नोकरावर विश्वास नाही.

रिक रेमेंडर यांनी लिहिलेली आणि सुरुवातीला टोनी मूर यांनी चितारलेली 'व्हेनम' मालिका इथून सुरू होते. पोशाख चढला की फ्लॅशला पाय येतात. तो धावतो, उड्या मारतो, भिंतीवर चढतो. राग अनावर झाला की सैनिकाची नीटस आकृती फाटते आणि आतून दात नि जीभ बाहेर येते. आपापल्या भाषेत 'चांदोबा' वाचलेल्या वाचकाला खांद्यावर वेताळ घेऊन चाललेला विक्रम इथे आठवेल. फरक असा की विक्रमाने बोलायचं नाही, फ्लॅशने चिडायचं नाही.

माझा एक मित्र हैदराबादला असतो. विशीत अपघात झाल्यापासून तो व्हीलचेअर वापरतो. या मालिकेची पहिली दोन पुस्तकं मी मोठ्या हौसेने त्याला दिली. आठवड्याने त्याचा फोन आला. 'तुला हे आवडलं?' तो म्हणाला. 'अरे, पाय परत दिल्याशिवाय यांना त्याला नायक करताच आलं नाही. इराकमध्ये तो पायांशिवाय जास्त मोठा होता.'

मी वाद घातला. अजूनही घालतो. माझं म्हणणं असं की रेमेंडरच्या गोष्टीत पाय मिळतात त्यापेक्षा जातात हे महत्त्वाचं. प्रत्येक मोहिमेनंतर पोशाख उतरतो आणि फ्लॅश खुर्चीत परत येतो. बेटी ब्रँटला वेळ दिलेली असते, ती चुकलेली असते, आणि खोटं काय सांगायचं हे त्याला सुचत नाही. दुसऱ्या सुपरहिरोंच्या दुहेरी आयुष्यात मुखवटा उतरवला की माणूस मोकळा होतो. इथे मुखवटा उतरला की जमीन जवळ येते. ४८ तासांची अट लेखकाने घातली नसती तर ही गोष्ट नवसाला पावलेल्या देवाची झाली असती.

शिवाय रेमेंडरला ठाऊक आहे की फ्लॅशला हवे आहेत ते फक्त पाय नाहीत. फ्लॅश दारुडा आहे. त्याचे वडील पोलिसात, तेही दारुडे, घरात हात उगारणारे. शाळेतला तो दांडगट मुलगा कुठून आला याचं उत्तर या मालिकेत सावकाश, माफी न मागता येतं. वडिलांच्या अखेरच्या दिवसांतले अंक मला सगळ्यांत चांगले वाटतात. त्यात मारामारी आहे, पण आपण वाचतो ते पोशाखाची आठवण आणि बाटलीची आठवण एकाच जागी कशी दुखते हे. पुन्हा एकदाच, या वेळी ताबा ठेवून, फक्त कामापुरतं: ही भाषा ज्याच्या घरात ऐकलेली आहे त्याला कॉमिक्स वाचायची सवय नसली तरी हे कळेल.

आणि तो पहिल्या काही अंकांतच खुद्द स्पायडरमॅनशी लढतो. ज्याची पूजा केली त्याच्यावर तो हात उचलतो, त्याच्याच जुन्या कातडीत. समोर कोण आहे हे दोघांनाही माहीत नसतं. लीचा तो जुना विनोद इथे विनोद उरत नाही.

मराठीत अशा पात्राला काही जण प्रतिनायक म्हणतात. संस्कृत काव्यशास्त्रात प्रतिनायक म्हणजे नायकाचा शत्रू, राम असेल तर रावण. फ्लॅश तो नाही. तो नायकाचा भक्त आहे आणि नायकाच्या शत्रूचं अंग घालून काम करतो. त्याला कोणता शब्द लावायचा ते मला सुचलेलं नाही.

मित्राचं म्हणणं पुढच्या अंकांनी खरं केलं, हेही कबूल करायला हवं. बाविसाव्या अंकानंतर कलन बन यांच्याकडे लेखणी गेली, ४२व्या अंकात मालिका संपली, आणि तोवर अटी सैल होत गेल्या होत्या. दुसऱ्या मालिकेत डॉक्टर ऑक्टोपसने, पीटरच्या शरीरात असताना, त्याला यांत्रिक पाय बसवून दिले. मग अंतराळ, 'स्पेस नाइट', शुद्ध झालेला गुणी पोशाख. तिथे खरंच सहजीवन आहे, पण गोष्ट नाही. अंगावरून काही उतरतच नाही, तेव्हा मलाही वाचताना जांभया आल्या.

२०१८मध्ये, आठशेव्या अंकात, डॅन स्लॉटने त्याला मारलं. नॉर्मन ऑसबॉर्नच्या हातून. मरताना तो पीटरच्या जवळ असतो आणि पीटर कोण आहे हे त्याला ठाऊक असतं. वऱ्हांड्यातला मुलगा आणि भिंतीवर लावलेलं चित्र, दोघं एकच आहेत हे त्याला कळायला छपन्न वर्षं लागली. तीन वर्षांत त्याला परत जिवंत केलं, तो कॉमिक्सचा धंदा आहे, त्याबद्दल काय बोलायचं.

आठशेवा अंक मी मित्राला पाठवला. या वेळी त्याने लगेच फोन केला नाही. महिन्याभराने दुसऱ्याच कामासाठी बोलताना म्हणाला, 'तो शेवट वाचला. पायांबद्दल माझं मत तेच आहे.' मग थोडं थांबून त्याने विचारलं, त्या शाळेच्या दिवसांचे जुने अंक कुठे मिळतील.