मायएसक्यूएल, जीपीएल आणि उत्पादनासोबत दिलेला डेटाबेस

डीबीएमएसच्या अभ्यासक्रमात नॉर्मलायझेशनला तास मिळतात, परवान्याला जेमतेम एक ओळ. तीही बहुधा 'मोफत' या शब्दावर संपते. ती कुठे अपुरी पडते, हे पाहायला चेन्नईचेच उदाहरण घेऊ.

१९९६ साली सुरू झालेली अ‍ॅडव्हेंटनेट, म्हणजे २००९ पासूनची झोहो कॉर्पोरेशन, मॅनेजइंजिन या नावाने ऑपमॅनेजरसारखी उत्पादने विकते. ती ग्राहक स्वतःच्या सर्व्हरवर बसवतो. पूर्वी त्याच इन्स्टॉलरमधून मायएसक्यूएल यायचे. नंतरच्या आवृत्त्यांत त्या जागी पोस्टग्रेसक्यूएल आले. ग्राहकाची सोय झाली, पण असे उत्पादन देणारा आता नुसता वापरकर्ता राहत नाही, वितरक होतो. आणि जीपीएलच्या अटी वापराला नव्हे, वितरणाला लागतात.

जीपीएलची दुसरी आवृत्ती (१९९१) मुळातून वाचा. कलम २ नुसार दोन स्वतंत्र प्रोग्रॅम एकाच सीडीवर शेजारी ठेवले, एवढ्याने दुसऱ्याला जीपीएल लागत नाही. मात्र मूळ प्रोग्रॅमवर 'आधारित' काम वितरित केले, तर ते सगळे जीपीएलखाली येते. सॉकेटमधून बोलणारा डेटाबेस सर्व्हर शेजारी आहे, हे पटते. पण जेडीबीसी ड्रायव्हर तुमच्या जावा प्रोग्रॅमच्याच प्रोसेसमध्ये लोड होतो, आणि मायएसक्यूएलचा ड्रायव्हरही जीपीएलखालीच होता. तो शेजारी की घरातला? मसुदा याचे सरळ उत्तर देत नाही. माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा दोष हाच.

मायएसक्यूएल एबीने या संदिग्धतेवर धंदा उभा केला: बंद स्रोत उत्पादनासोबत द्यायचे, तर आमचा व्यावसायिक परवाना घ्या. कोड त्यांचा होता, पैसे मागण्यात गैर नाही. खटकते ते वेगळेच. कंपनीने लावलेला अर्थ जणू परवान्यातच लिहिला आहे, असा मांडला गेला. २००२ मध्ये नुस्फिअरविरुद्धच्या खटल्यात मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने ट्रेडमार्कच्या मुद्द्यावर मनाई हुकूम दिला, जीपीएलच्या मुद्द्यावर नाही. तिथे तर लिंकिंग स्टॅटिक होते! पुढे तडजोड झाली आणि प्रश्न तसाच राहिला.

शिवाय व्यावसायिक परवाना विकणारा मालक बदलू शकतो. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने मायएसक्यूएल घेतले, २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. पोस्टग्रेसक्यूएलला असा एकच मालक नाही, आणि त्याचा परवाना जवळजवळ एवढेच मागतो की कॉपीराइटची सूचना व दायित्व नाकारणारा मजकूर प्रत्येक प्रतीत ठेवा. डेटाबेस सोबत द्यायचा असेल, तर मी तोच निवडेन. (क्लाउडवर प्रत ग्राहकाला दिलीच जात नाही, म्हणून जीपीएलची ही अट तिथे लागू होत नाही. मोंगोडीबीने २०१८ मध्ये एसएसपीएल आणला तो याच दुखण्यावर.)

पुढच्या तासाला येताना आपल्या प्रकल्पाचे लिब फोल्डर उघडून पाहा आणि प्रत्येक जार फाइलसमोर तिचा परवाना लिहून आणा. ज्या फाइलचा परवाना सापडणार नाही, त्यांची यादी वेगळी करा.