१०८५ पैकी ३८० : हेल्पलाइनवरचा एक पेपर नीट वाचूया

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरचा सिनॉप्सिस वाचत होते. विषय चांगला होता, आत्महत्या प्रतिबंध आणि टेलिफोन हेल्पलाइन. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं: ‘हेल्पलाइन परिणामकारक असल्याचे सिद्ध झाले आहे.’ पुढे संदर्भ, गूल्ड आणि सहकारी, २००७. मी विचारलं, “पेपर वाचलास का?” तो म्हणाला, “ॲबस्ट्रॅक्ट वाचलाय, ताई.”

त्याला हसण्यात अर्थ नाही, पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. पण हा पेपर आपल्याकडे वारंवार असाच वापरला जातो, म्हणून आज तोच घेऊ.

मॅडलिन गूल्ड यांच्या गटाने मार्च २००३ ते जुलै २००४ या काळात अमेरिकेतल्या आठ केंद्रांवर हा अभ्यास केला. आत्महत्येचे विचार असलेल्या १,०८५ कॉलरना कॉलच्या सुरुवातीला आणि शेवटी ठरावीक प्रश्न विचारले. मग तीन आठवड्यांच्या आत त्यांच्याशी पुन्हा संपर्क साधला. कॉलदरम्यान आत्महत्येची तीव्रता लक्षणीय कमी झाली, आणि पुढच्या काळात निराशा व मानसिक वेदना आणखी कमी झाल्या, असं दिसलं.

आधी याची मोठी बाजू सांगते. ‘खरोखर धोक्यात असलेला माणूस कशाला फोन करेल?’ असं सर्रास म्हटलं जायचं, आजही म्हणतात. गंभीर अवस्थेतली माणसं फोन करतात, हे या पेपरने आकड्यांनी दाखवलं. एवढ्या नाजूक क्षणी मोजमाप करता येतं हेही दाखवलं. हे छोटं काम नाही.

आता प्रश्न. पहिला, फॉलो-अपमध्ये किती जण आले? ३८०. म्हणजे ३५ टक्के. उरलेले ७०५ कुठे गेले? काहींना बरं वाटलं असेल आणि त्या रात्रीची आठवणही नको असेल. काहींना घरच्यांसमोर असा फोन घ्यायची भीती असेल. आणि काहींची अवस्था आणखी बिघडली असेल. संशोधनात याला आपण ‘गळती’ म्हणतो आणि मर्यादांच्या परिच्छेदात एका ओळीत उरकतो. पण इथे गळलेला प्रत्येक आकडा म्हणजे नेमका तोच माणूस असू शकतो, ज्याच्यासाठी हेल्पलाइन काढली. त्यामुळे ‘पुढच्या आठवड्यांत सुधारणा झाली’ हे वाक्य ३८० जणांबद्दल आहे, १,०८५ जणांबद्दल नाही. शिवाय ज्यांचा फोन लागलाच नाही, किंवा ज्यांनी दोन मिनिटांत ठेवून दिला, ते मुळात या १,०८५ मध्येही नाहीत.

दुसरा प्रश्न तुलनेचा. माणूस फोन करतो तो त्याच्या सर्वांत वाईट क्षणी. त्यानंतर काही न करताही तीव्रता थोडी उतरू शकते. ‘फोन केल्यावर बरं वाटलं’ आणि ‘फोनमुळे बरं वाटलं’ यांत फरक आहे, आणि नियंत्रण गट नसेल तर तो कळत नाही. व्हायवात कोणी विचारलं, “मग नियंत्रण गट का नाही घेतला?” तर उत्तर सोपं आहे: मरणाच्या विचारात असलेल्या निम्म्या लोकांचा फोन मुद्दाम न उचलणं कुठलीही एथिक्स कमिटी मान्य करणार नाही. करूही नये.

मग अडलं का? नाही. पुढे याच संशोधिकेच्या गटाने वाट काढली. २०१३ च्या पेपरमध्ये १७ केंद्रं घेतली आणि समुपदेशकांना विशिष्ट प्रशिक्षण आधी कुठे, नंतर कुठे द्यायचं हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं. फोन सगळ्यांचेच उचलले गेले, फक्त पलीकडे कोण आहे ते बदललं. प्रशिक्षित समुपदेशकांच्या कॉलअखेर कॉलर कमी निराश, कमी दडपणाखाली आणि जास्त आशावादी आढळले. डिझाइन शिकायचं तर हा पेपर वाचा.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘हेल्पलाइन’ ही एकच गोष्ट नाही. ब्रायन मिशारा यांच्या गटाने अमेरिकेतल्या १४ केंद्रांवरचे २,६११ कॉल ऐकले. सहानुभूती, आदर आणि कॉलरबरोबर मिळून मार्ग शोधणं यांचा चांगल्या परिणामाशी संबंध दिसला. नुसत्या ‘सक्रिय श्रवणा’चा दिसला नाही. आपल्याकडच्या प्रशिक्षणात ‘फक्त ऐका’ हा मंत्र असतो, त्याबद्दल विचार करायला लावणारी ही गोष्ट आहे. तेव्हा ‘हेल्पलाइन चालते का?’ यापेक्षा ‘कुठल्या कॉलमध्ये काय घडलं की मदत होते?’ हा प्रश्न जास्त कामाचा.

आता आपल्याकडे या. टेली-मानस १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. तिचं यश सांगताना आलेल्या कॉलची संख्या सांगितली जाते. ती संख्या लोक पोहोचताहेत एवढं सांगते, पुढे त्यांचं काय झालं ते सांगत नाही. तालुक्याच्या गावातून मराठीत बोललेल्या कॉलरला जवळचा डॉक्टर सुचवला गेला का? तो तिथवर पोहोचला का? गूल्ड यांच्या २००७ च्या ॲबस्ट्रॅक्टचं शेवटचं वाक्यही रेफरल सुधारण्याबद्दलच आहे. आपण ‘सिद्ध झाले आहे’ लिहून टाकलं, की हे प्रश्न विचारायची गरजच संपते. म्हणून ते वाक्य मला खटकतं.

ज्युनिअरने वाक्य बदललं: ‘एका अभ्यासात कॉलदरम्यान आत्महत्येची तीव्रता कमी झाल्याचे दिसले, मात्र फॉलो-अपमध्ये ३५ टक्केच सहभागी होते आणि तुलनेचा गट नव्हता.’ वाक्य लांबलं, पण त्यातूनच त्याला स्वतःचा संशोधन प्रश्न सापडला: रेफरलनंतर काय होतं?

एक शेवटचं. पुराव्यातल्या उणिवा दाखवणं म्हणजे ‘फोन करू नका’ असं सांगणं नव्हे. पीएचडीच्या वाटेवर आपल्यापैकी अनेकांच्या रात्री जड जातात. तशी वेळ आली तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. नाहीच लागला तर पुन्हा लावा, आणि जवळच्या कुणाला तरी उठवा. पेपरची चिकित्सा सकाळी करू.