दर्या, दऱ्या आणि फॉन्ट

'दर्या' म्हणताना 'द'वर आघात येतो, 'दऱ्या' म्हणताना येत नाही. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. युनिकोडमध्ये 'दऱ्या'साठी नुक्त्याचा 'ऱ' साठवता येतो. 'य' जोडला की फॉन्ट नुक्ता लपवून आडवी खूण काढतो. ही किमया मला मान्य आहे, कारण फरक मुळातच साठवलेला असतो.

आक्षेप आहे तो कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांवर. पडद्यावर 'भारत' दिसतं. आत असतात एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरं. फॉन्ट गेला की शब्दही गेला. दिसतं तसं नसतं, ते हेच! कारंजात कुणाकडे गावाची माहिती अशी टाईप केलेली असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये आणा. नाहीतर नातवंडांना नुसती रोमन अक्षरंच दिसतील.