विंचूदंश, प्राझोसिन आणि पुराव्याची चाळणी : आरोग्य संशोधनातील पद्धतशीर आढाव्याच्या अध्यापनाची एक चिकित्सा

अलीकडे महाविद्यालयीन संशोधनपत्रिकांतून 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' म्हणजे पद्धतशीर आढावा हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. लेख वाचू लागल्यावर मात्र अनेकदा लक्षात येते की, लेखकाच्या हाती आलेले वीस-पंचवीस शोधनिबंध एकापाठोपाठ एक सांगितलेले आहेत. प्रारंभी चौकटी आणि बाण असलेली एक आकृती असते, शेवटी 'अधिक संशोधनाची आवश्यकता आहे' हे वाक्य असते. हा संदर्भसाहित्याचा परामर्श झाला. पद्धतशीर आढावा ही वेगळी वस्तू आहे, आणि तिचे वेगळेपण कार्यशाळेतील सरकचित्रांवरून सहसा उमगत नाही. प्रस्तुत लेखात एकाच उदाहरणाच्या आधारे ही पद्धत शिकताना नेमके काय शिकावयाचे असते, याचा विचार केला आहे.

मोरा-उरण परिसरातील अध्यापकाला त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. मोरा ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या दक्षिण भागात महाड आहे. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि नंतर महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण वर्षानुवर्षे पाहिले, त्यांच्या नोंदी ठेवल्या. भाताचा पेंढा उचलताना किंवा अंधारात पाय पडून दंश होतो, घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरून रुग्ण दगावतो. विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनवर्गीय द्रव्यांचा पूर येतो व रक्तवाहिन्या आकसतात, हे ध्यानात घेऊन त्यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरण्यास सुरुवात केली. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासमवेत त्यांनी हा अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडला. प्राझोसिनपूर्व काळात पश्चिम भारतातील अशा रुग्णांत २५ ते ३० टक्के मृत्यू होत. नंतर हे प्रमाण अवघ्या काही टक्क्यांवर आले, असे त्यांच्या लेखनात नमूद आहे.

आता समजा, एखादा विद्यार्थी या विषयाचा आढावा घेण्यास बसला. त्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असेल : 'विंचूदंशावर कोणता उपचार चांगला?' या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो प्रश्नच झालेला नाही. कोणत्या विंचवाचा दंश, किती गंभीर रुग्ण, कोणता उपचार, कशाशी तुलना आणि कोणता परिणाम मोजावयाचा, हे ठरल्याखेरीज पुढचे पाऊल टाकता येत नाही. 'लाल विंचवाच्या दंशाने लक्षणे दिसू लागलेल्या रुग्णांत प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास, केवळ प्राझोसिनच्या तुलनेत, रुग्ण लवकर बरा होतो काय?' हा प्रश्न झाला. तो शोध सुरू करण्यापूर्वी लिहून ठेवावा लागतो. २०११ पासून 'प्रॉस्पेरो' या नोंदणीत असे आराखडे आधी नोंदविण्याची सोय आहे. उत्तर पाहून प्रश्न बदलण्याचा मोह सर्वांनाच होतो; नोंदणी त्यासाठीच आहे.

शोधाची पायरी यांत्रिक समजली जाते. ती तशी नाही. या विंचवाचे शास्त्रीय नाव जुन्या लेखनात 'ब्युथस टॅम्युलस', नंतर 'मेसोब्युथस टॅम्युलस' आणि आता 'हॉटेन्टोटा टॅम्युलस' असे आढळते. कोकणातील उपप्रजातीच्या नावात तर 'कोंकणेन्सिस' आहे. केवळ आजचे नाव संगणकात घातले तर १९८६चे टिपण सापडेलच असे नाही. ग्रंथपालाला आढाव्याच्या कामात सहलेखक म्हणून घ्यावे, असे मला वाटते ते याच कारणाने. आपल्याकडे त्यांचे नाव ऋणनिर्देशात शेवटून दुसरे येते.

खरी कसोटी लागते ती निवडीच्या वेळी. आढाव्याचा रूढ निकष असा की, उपचाराचा परिणाम जोखताना यादृच्छिक नियंत्रित चाचण्याच घ्याव्यात, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांची दोन गटांत वाटणी केलेल्या चाचण्या. हा निकष काटेकोरपणे लावला तर महाडचा १९८०च्या दशकातील सारा अनुभव चाळणीतून खाली पडतो. प्राझोसिन देणे व न देणे यांची चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना त्या पुराव्याच्या मुळाशी नाही. आधीचे रुग्ण आणि नंतरचे रुग्ण एवढीच तुलना आहे. दरम्यानच्या काळात रस्ते सुधारले असतील, रुग्ण लवकर पोहोचू लागले असतील, डॉक्टरांचा हात बसला असेल. हे आक्षेप खरे आहेत. तरीही मृत्यूचे प्रमाण एवढे घटले असताना निम्म्या रुग्णांना गोळी नाकारणारी चाचणी कोणत्या नैतिक आधारावर करावयाची? निकष लावणाऱ्याने निदान एवढे लिहिले पाहिजे की, आपण काय वगळले आणि त्याने काय गमावले. 'समाविष्ट अभ्यास नाहीत' हे शब्द वाचून 'पुरावा नाही' असा अर्थ घेणारे वाचक असतात, आणि त्यांपैकी काही धोरणे ठरवतात.

बावस्कर दांपत्याने पुढे ही कसोटीही स्वीकारली. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या यादृच्छिक चाचणीत ७० रुग्ण होते. प्रतिविष व प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ जणांपैकी ८. फरक डोळ्यांत भरणारा आहे. म्हणूनच येथे आदर बाजूला ठेवून वाचावे लागते. चाचणी खुली होती, म्हणजे कोणाला काय दिले हे उपचारकर्त्यांना ठाऊक होते. एकाच केंद्रातील होती. आणि मोजलेला मुख्य परिणाम लक्षणमुक्तीचा होता. मृत्यू टळतात काय, हे ७० रुग्णांवरून सांगता येत नाही. यात संशोधकांचा अवमान नाही. त्याच प्रश्नावर पुदुच्चेरी येथे ५० मुलांवर झालेली चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा पहिल्या निष्कर्षाला दुसऱ्या ठिकाणची जोड मिळाली.

यानंतर येते बेरीज, म्हणजे मेटा-ॲनालिसिस. विद्यार्थ्यांना हाच भाग सर्वांत आवडतो, कारण संगणक तो करून देतो. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ट्युनिशियातील चाचणी आली : ८२५ रुग्ण, दुहेरी अंध पद्धत, आणि निष्कर्ष असा की सरसकट प्रतिविष देण्याने लाभ होत नाही. २००९ साली ॲरिझोनातील १५ गंभीर मुलांवरील चाचणी आली. प्रतिविष मिळालेली आठही मुले चार तासांत लक्षणमुक्त झाली, दुसऱ्या गटातील सातांपैकी एकच. 'विंचू' हा एकच शब्द धरून या दोन्हींची महाडच्या चाचणीशी बेरीज केली, तर एकूण ९१० रुग्णांपैकी दहातील नऊ ट्युनिशियाचे भरतात. वजन केवळ रुग्णसंख्येवर ठरत नाही हे खरे. तरी अशा सरासरीत महाडचा आवाज कितपत ऐकू येईल? ट्युनिशियाचे विंचू वेगळे, त्यांची प्रतिविषे वेगळी, आणि तेथील बहुसंख्य रुग्ण सौम्य लक्षणांचे. ॲरिझोनातील विंचवाचा परिणाम मुख्यत्वे चेतासंस्थेवर. विषमतेचे अंक संगणक छापून देतो, परंतु ही विषमता कशाची आहे हे प्राणिशास्त्राच्या अध्यापकाला विचारावे लागते. रॉड्रिगो आणि ज्ञानथासन यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात विंचवांच्या प्रजातींचा असा वेगवेगळा विचार आढळतो, आणि म्हणून तो वर्गात शिकविण्याजोगा आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २००७ साली 'कॉक्रेन लायब्ररी' देशभरातील वाचकांसाठी खुली करून दिली, तेव्हा साधनांची अडचण मोठ्या प्रमाणात दूर झाली होती. अडचण उरली ती वेळेची आणि सोबतीची. अभ्यासांची निवड दोघांनी स्वतंत्रपणे करावी व मतभेद तिसऱ्यापुढे न्यावेत, हा नियम आपल्याकडे कागदावर पाळला जातो. मार्गदर्शक आणि विद्यार्थी हे दोघे 'स्वतंत्र' मानले जातात. मार्गदर्शकाने निवडलेला निबंध विद्यार्थी कसा नाकारणार? त्यापेक्षा दोन महाविद्यालयांतील दोन विद्यार्थ्यांनी हे काम करावे. उरणच्या विद्यार्थ्याने आणि महाडच्या विद्यार्थिनीने विंचूदंशावरील हेच चार चाचणी-निबंध घेऊन, एकमेकांना न दाखवता, कोणता निबंध आपल्या प्रश्नाला लागू पडतो हे कारणांसह लिहावे. जेथे त्यांची उत्तरे जुळणार नाहीत, तेथून तास सुरू करावा.