‘सिंहासन’मधील अनुपस्थित नगर

अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवर आधारलेला, विजय तेंडुलकरांची पटकथा लाभलेला डॉ. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९) मराठी राजकीय चित्रपटांचा मानदंड मानला जातो, आणि ते यथार्थच आहे. तथापि एक उणीव जाणवते. सत्तेचा सारा खेळ मुख्यमंत्री, त्यांचे प्रतिस्पर्धी व कामगार-पुढारी यांच्यात रंगतो. ज्या महापालिकेच्या हाती मुंबईकराचे पाणी, रस्ते आणि ‘बेस्ट’ची बस आहे, ती कथेच्या केंद्री येतच नाही.

हा दोष कलाकृतीचा, की आपल्या राजकीय दृष्टीचा? मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत मुंबई महापालिका लोकनियुक्त सभागृहावाचून, प्रशासकाच्या हाती राहिली. आपणा इंदूरकरांनाही हा प्रश्न परका नाही. २०१३ साली सुरू झालेला बसचा राखीव मार्ग २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उखडला जाऊ लागला. त्या निर्णयात थांब्यावरील प्रवाशाला कितीसे स्थान होते?

पत्रकार दिगू टिपणीस अखेरीस भ्रमिष्ट होतो, तो मंत्रिपदांचा खेळ पाहून. नगराचा कारभार तितक्याच उत्कटतेने न्याहाळणारा दिगू मराठी साहित्याने घडवावा, ही अपेक्षा गैर ठरू नये.