मोनेचं तळं: सापडलेलं नव्हे, बांधलेलं

‘निसर्गाच्या सान्निध्यात चित्रकाराला प्रेरणा मिळाली’ हे वाक्य क्लोद मोनेबद्दल इतक्यांदा लिहिलं गेलंय, की ते कुणी तपासतही नाही. त्याच्या कुमुदिनी आज आपल्या वॉलपेपरवर, कॉफीच्या मगवर आहेत. पण ज्या तळ्यात त्या फुलल्या, ते तळं तिथे नव्हतंच.

मोने १८८३ साली फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावात राहायला आला. १८९३मध्ये त्याने रेल्वेरुळांपलीकडची जमीन घेतली आणि एप्त नदीच्या फाट्याचं पाणी तिकडे वळवायची परवानगी मागितली. गावकऱ्यांनी विरोध केला. परक्या झाडांमुळे पाणी विषारी होईल अशी त्यांना भीती होती. तरी तळं झालं. एका माळ्याचं कामच होतं होडीतून पानं साफ ठेवायची. पानांवर धूळ बसते म्हणून शेजारच्या रस्त्यावर डांबर टाकायलाही मोनेने पैसे मोजले.

आमच्या धंद्यात याला टेस्ट एन्व्हायर्नमेंट म्हणतात. बाकी सगळं ताब्यात ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलू द्यायची. मोनेने बदलू दिला तो उजेड.

इथे माझं त्याच्याशी भांडण आहे. हाच माणूस १८७७मध्ये सँ-लाझार स्टेशनात इंजिनांचा धूर रंगवत होता. जिव्हर्नीत रूळ घर आणि तळ्याच्या मधून जात होते, पण तळ्याच्या चित्रांत ना आगगाडी, ना होडीतला माळी. ती शांतता काटछाट करून मिळवलेली आहे.

मग चित्रं खोटी ठरतात का? उलट, शेवटची चित्रं या व्यवस्थेलाच तडा देतात. १९१२मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं. पुढच्या काळातल्या जपानी पुलाच्या काही चित्रांत पूल तांबड्या-तपकिरी गुंत्यात जवळजवळ हरवतो. सगळं मोतीबिंदूच्या खात्यावर टाकणं सोपं आहे, पण तळ्यासारखे डोळे काही त्याच्या ताब्यात नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर, १९२७मध्ये पॅरिसच्या ऑरांजरीत खुल्या झालेल्या दोन लंबगोल दालनांत तर क्षितिजच नाही. पाहणाऱ्याने नेमकं कुठे उभं राहायचं, हे चित्र सांगत नाही.

म्हणून ‘प्रेरणा’ हा शब्द मला अपुरा वाटतो. त्यात वळवलेलं पाणी दिसत नाही, माळ्याची मजुरी दिसत नाही आणि सगळं हवं तसं मांडून झाल्यावरही अधू डोळ्यांनी रोज तिथे जाऊन बसणारा म्हाताराही दिसत नाही.