भिंतीची मूळ प्रत

खेळ सुरू होऊन पाच मिनिटेही झालेली नसतात. लिऑन केनेडी नावाचा अमेरिकन एजंट स्पेनमधल्या एका आडगावातील पहिल्याच घरात शिरतो आणि शेकोटीपाशी उभ्या असलेल्या माणसाला हरवलेल्या मुलीचे छायाचित्र दाखवतो. उत्तरादाखल तो माणूस कुऱ्हाड उचलतो. ‘रेझिडेंट ईव्हिल ४’ खेळलेल्या प्रत्येकाला हा प्रसंग पाठ आहे. गेली दोन वर्षे मी मात्र तिथे एक वेगळाच उद्योग करतो. कुऱ्हाडवाल्याचा बंदोबस्त झाला की पुढे न जाता भिंतीजवळ उभा राहतो आणि गिलावा पाहत बसतो. आधी जुन्या आवृत्तीत, मग नव्या. माझा मुलगा याला वेळेचा अपव्यय म्हणतो. जुन्या छापील पुस्तकांच्या आवृत्त्या ताडून पाहण्याचा नाद मला पंचवीस वर्षांपासून आहे, त्यामुळे मला यात वावगे काही वाटत नाही. मी प्रोग्रॅमर नाही आणि चित्रकारही नाही. या लेखाकडे आवृत्त्या ताडणाऱ्या माणसाचे टिपण म्हणूनच पाहावे.

हा खेळ जपानच्या कॅपकॉम कंपनीने शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली केला. जानेवारी २००५ मध्ये तो प्रथम निन्टेन्डोच्या गेमक्यूब या यंत्रावर आला. त्या यंत्राची मुख्य स्मृती अवघी २४ एमबी होती, आणि खेळ दोन चकत्यांवर मिळून कसाबसा मावला होता. अशा खेळातली भिंत म्हणजे एक सपाट पृष्ठभाग आणि त्यावर डकवलेले चित्र. या चित्राला टेक्श्चर म्हणतात. दगड, लाकूड, गंज, शेवाळ हे सारे त्या चित्रातच असते. जागा इतकी थोडी की चित्रे शे-दोनशे बिंदूंच्या चौकटीत दाबून बसवावी लागत. तेव्हाच्या काचेच्या टीव्हीवर ही दाबादाबी खपून जाई, कारण टीव्ही स्वतःच चित्राच्या कडा विरघळवून टाकी. पुढे खेळ संगणकावर आला, पडदे मोठे आणि स्वच्छ झाले, आणि दगडी भिंतीच्या जागी करड्या-तपकिरी रंगाचा काला दिसू लागला.

फेब्रुवारी २०१४ मध्ये कॅपकॉमने संगणकासाठी ‘अल्टिमेट एचडी’ आवृत्ती काढली. तिच्यात काही चित्रे सुधारली होती, बरीचशी नुसती ताणलेली होती. त्याच सुमारास अल्बर्ट मारिन आणि ख्रिस मोरालेस या दोन चाहत्यांनी ठरवले की हे काम आपणच नीट करावे. ते पूर्ण व्हायला आठ वर्षे लागली. २ फेब्रुवारी २०२२ रोजी त्यांचा ‘एचडी प्रोजेक्ट’ पूर्णरूपात आणि विनामूल्य उपलब्ध झाला. मूळ खेळ विकत घेतलेला असावा, एवढीच अट.

आठ वर्षे लागली ती कामाच्या पद्धतीमुळे. अस्पष्ट चित्र स्पष्ट करण्याचा सोपा मार्ग आता कोणालाही ठाऊक आहे. चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हवाली करायचे, ती मधले बिंदू अंदाजाने भरून देते. हा अंदाज कुठवर जातो याचे उदाहरण मारिन-मोरालेस यांचे काम येण्याच्या तीनच महिने आधी साऱ्या जगाने पाहिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या तीन जुन्या खेळांची अधिकृत सुधारित आवृत्ती आली. तिच्यात दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे यंत्राने वाचता न आल्यामुळे भलतीच करून ठेवली होती. एका डोनटच्या दुकानावर मोठा लोखंडी नट बसवलेला होता. डोनट आणि नट यांवरची ती कोटी. गुळगुळीत करण्याच्या नादात त्याचे सहा कोन नाहीसे झाले आणि नटाचे गोल कडे झाले. कोटी गेली. कंपनीला माफी मागावी लागली. जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. लेखनिकाला शब्द कळला नाही की तो स्वतःला कळणारा शब्द तिथे लिहून मोकळा होतो, आणि त्याचे अक्षर जितके सुरेख तितका तो प्रमाद उशिरा सापडतो.

मारिन-मोरालेस यांनी अंदाज टाळला. त्यांचा तर्क असा होता: २००५ च्या चित्रकारांनी हे दगड मनाने रंगवले नव्हते, खऱ्या वस्तूंची छायाचित्रे घेऊन ती दाबली होती. म्हणजे मूळ वस्तू कुठेतरी असणार. काही छायाचित्रे बाजारात मिळणाऱ्या चित्रसंग्रहांच्या सीडींवर सापडली. काही सापडली नाहीत, तेव्हा मूळ जागा शोधून काढण्यात आल्या. स्पेनमध्ये आणि वेल्समध्ये प्रत्यक्ष जाऊन, खेळात दिसणाऱ्या भिंती, दारे आणि कोरीवकाम यांची त्याच कोनातून नवी छायाचित्रे काढली गेली. खेळातले गाव स्पेनमधले म्हणून दाखवले आहे खरे, पण गावकरी लॅटिन अमेरिकेच्या वळणाचे स्पॅनिश बोलतात, आणि युरो येऊन दोन वर्षे झाली तरी २००४ सालच्या त्या गावात पेसेटाच चालतो. जपानी कल्पनेतला हा स्पेन. त्याच्या भिंती तेवढ्या अस्सल निघाव्यात, याची मला गंमत वाटते.

हाच शोध त्याच काळात दुसरीकडे वेगळ्या हेतूने चालला होता. ज्युडी जुराचेक या अमेरिकन छायाचित्रकार-डिझायनर बाईंनी १९९६ मध्ये ‘सर्फेसेस’ नावाचा ग्रंथ काढला होता. त्यात लाकूड, दगड, धातू, काच अशा पृष्ठभागांची छायाचित्रे होती, आणि सोबत सीडी. व्यावसायिक वापरासाठी त्यांचा परवाना घेणे आवश्यक होते. जून २०२१ मध्ये जुराचेक यांनी कॅपकॉमवर कनेटिकटच्या न्यायालयात दावा लावला. आपली किमान ८० छायाचित्रे परवान्याविना दोनशेहून अधिक ठिकाणी वापरली, असा त्यांचा आरोप होता. ‘रेझिडेंट ईव्हिल ४’च्या बोधचिन्हातल्या अक्षरांवर दिसणारे काचेचे तडेही त्यात होते. पुराव्यातला सर्वांत बोलका भाग एका फाइलच्या नावाचा आहे. २०२० च्या अखेरीस कॅपकॉमच्या संगणकांवर हल्ला होऊन बरीच अंतर्गत माहिती बाहेर फुटली. तिच्यातल्या एका धातूच्या चित्राचे नाव ‘एमई००९’ होते, आणि जुराचेक यांच्या सीडीवर त्याच चित्राचे नावही तेच. २०२२ च्या सुरुवातीला दोन्ही पक्षांत समझोता झाला, त्यामुळे न्यायालयाचा निर्णय असा झालाच नाही.

चाहते आणि फिर्यादी एकाच तऱ्हेने चित्रे शेजारी ठेवून तडा तड्याशी आणि डाग डागाशी जुळवत होते. एकाला आवडत्या खेळाचे मूळ हवे होते, दुसरीला स्वतःच्या कामाचे श्रेय. चाहत्यांच्या कौतुकात ही दुसरी बाजू सहसा येत नाही. ज्याला आपण खेळाचे मूळ रूप म्हणतो, त्याच्याही आधी कोणीतरी कॅमेरा घेऊन एखाद्या भिंतीसमोर उभे होते.

इथे मला खरी अडचण दिसते. मूळ नेमके कोणते? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. सुकथनकरांनी त्या कामाला जी शिस्त लावली तिचे सार असे की, हाती असलेल्या हस्तलिखितांतून मागे जात जात सर्वांत जुना निश्चित करता येईल असा पाठ द्यायचा आणि तिथे थांबायचे. त्याही पलीकडे व्यासांच्या मनात काय होते, हे संपादकाने सांगायचे नाही. मारिन-मोरालेस नेमके त्या रेषेच्या पलीकडे गेले. त्यांना जे छायाचित्र सापडले ते खेळाचा जुना पाठ नव्हे, खेळाचे साधन होते. २००५ साली कोणत्याही खेळाडूने ते पाहिले नव्हते. मिकामींच्या चित्रकारांनी ते कापले, काळवंडवले, त्यावर ओल आणि मळ चढवला, मग दाबले. ही दाबलेली, मळकी प्रतच लोकांनी पाहिली आणि तिलाच ते घाबरले.

या कामाचा खरा गुण म्हणूनच स्पष्टतेत शोधू नये. छायाचित्र हाती आल्यावर ते तसेच चिकटवून देण्याचा मोह मोठा असतो, आणि चाहत्यांच्या बहुतेक सुधारणा तिथेच फसतात: भिंत पर्यटनाच्या पत्रकातली दिसू लागते. इथे मूळ छायाचित्र मिळाल्यावरही २००५ ची प्रत समोर ठेवून तिचा रंग, तिची काजळी, तिचे डाग नव्याने चढवले आहेत. पहिल्या घरातल्या गिलाव्याला आता पोपडे दिसतात, पण रंग तोच आजारी पिवळट राहिला आहे. छायाचित्राने तपशील द्यावा आणि जुन्या प्रतीने निवाडा करावा, हे पथ्य किल्ल्याच्या भागातही बव्हंशी पाळलेले आहे. तिथला संगमरवर आणि गालिचे पाहताना हात राखून केलेले काम म्हणजे काय ते कळते.

सगळीकडे ते साधलेले नाही. टेक्श्चर स्वच्छ झाले की त्याखालचा ओबडधोबड सांगाडा उघडा पडतो. मग बारीक रेषांची पिंपे टोकदार अष्टकोनी दिसतात. हे लक्षात आल्यावर दोघांनी सांगाडेही सुधारले, प्रकाश दुरुस्त केला, जुळत नसलेले सांधे जुळवले. काही दुरुस्त्या रास्त आहेत. संगणकावर येताना हरवलेला प्रकाश परत आणणे हे संपादकाचेच काम. पण मूळ चित्रकारांची चूक नीट करणे ही वेगळी गोष्ट आहे. सांधा न जुळणे हाही त्या घाईच्या, अडचणीच्या काळाचा पुरावा होता. तिथे संपादकाच्या हातून लेखकाची लेखणी उचलली गेली आहे, असे माझे मत आहे. मुलाला हे मान्य नाही. त्याच्या मते वाकडी फळी ही वाकडी फळीच.

चिकित्सक आवृत्तीत गाळलेला श्लोकही तळटीपेत जिवंत राहतो. १२५९ हस्तलिखितांचा धांडोळा घेणाऱ्यांनी वाचकाला उलटतपासणीची सोय ठेवली. मारिन-मोरालेस यांनीही कामाच्या ओघात आधीच्या आणि नंतरच्या चित्रांच्या तुलना वेळोवेळी लोकांसमोर ठेवल्या. पण खेळ खेळताना मला कळत नाही की समोरचे दार वेल्समध्ये टिपलेले आहे, सीडीवरून घेतले आहे, की काहीच न सापडल्यामुळे हाताने रंगवले आहे. तिन्ही सारख्याच आत्मविश्वासाने समोर येतात. कंपनीने २०२३ मध्ये याच खेळाची पूर्णपणे नवी घडवलेली आवृत्ती काढली. तिला असली तळटीप लागत नाही, कारण ती जुन्याची प्रत असल्याचा दावाच करत नाही. या दोघांचा दावा तोच आहे. कोणती भिंत कुठली, कोणाच्या कॅमेऱ्यातली, आणि कोणती निव्वळ अंदाजाची, अशी एक यादी खेळातच कुठेतरी जोडलेली असायला हवी होती. त्या यादीत जुराचेकबाईंचेही नाव यायला हवे. मी ती खेळापेक्षा जास्त वेळा उघडेन.